मिस्प्रिंट नाणं: टांकसाळीत चुकलेलं की घरी चुकवलेलं, कसं तपासायचं

चतुर्थीच्या आधी लोकं घर झाडायला काढतात, माळ्यावरची पेटी खाली येते, पेटीत आजीची डबी, डबीत पाच-पंचवीस नाणी, आणि त्यातलं एखादं विचित्र दिसतं. मग फोटो येतो. "हे एरर कॉईन आहे ना? युट्यूबवर ह्याला पाच लाख सांगितलेत." म्हापशाहून येतो, डिचोलीहून येतो, मुंबईत राहणाऱ्या गोंयकारांकडूनही येतो आणि प्रश्न अगदी तोच असतो. तेच तेच उत्तर टाईप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय, पुढे कोणी विचारलं की हेच पाठवणार.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, मग खालच्या सगळ्या तपासण्या आपोआप समजतील. टांकसाळीत नाणं होतं ते तीन गोष्टींनी: धातूची गोल चकती, वरखाली दोन डाय म्हणजे चित्र कोरलेले ठसे, आणि चकतीभोवती कडं म्हणजे कॉलर. डाय एकदा जोरात आपटते आणि त्याच ठोक्यात पुढची बाजू, मागची बाजू आणि कड तिन्ही तयार होतात. त्यामुळे तिथे काही चुकलं तर त्याची खूण पुढे, मागे, कडेला आणि वजनात सगळीकडे सापडते, आणि त्या सगळ्या खुणा एकमेकींशी जुळतात. घरी कानस, हातोडी नाहीतर ॲसिड घेऊन बसलेल्या माणसाचं लक्ष मात्र एकाच जागी असतं, बाकीचं नाणं तो विसरतो. आपल्याला तो जे विसरला तेच शोधायचंय.

लक्षणं, म्हणजे लोकं काय दिसलं म्हणून विचारतात

- सालातला आकडा किंवा एखादं अक्षर गायब, किंवा टांकसाळीची खूणच नाही
- अक्षरं डबल दिसतात
- चित्र एका बाजूला सरकलंय, दुसरीकडे कोरी जागा
- कडेचा तुकडा चंद्रकोरीसारखा गेलेला
- एका बाजूला चित्र बरोबर, दुसऱ्या बाजूला तेच चित्र आत दबलेलं आणि उलटं (व्यापारी ह्याला लखी म्हणतात)
- दोन्हीकडे छापाच, किंवा मागची बाजू फिरलेली
- रंग वेगळा, नाणं पातळ, दहाच्या नाण्याचा मधला भाग सरकलेला किंवा उलटा
- जुना चांदीचा रुपया, पण हाताला हलका आणि बुळबुळीत
- ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं आणि त्यावर राम, हनुमान, ओम नाहीतर कमळ

शेवटच्याचा निकाल इथेच लावतो, त्याला पुढच्या तपासण्यांची गरजच नाही. १६१६, १८१८ असली सालं, यू के एल अशी अक्षरं आणि देवांची चित्रं असलेले हाफ आणा, वन आणा, हे सगळे नंतर बनवलेले टोकन आहेत. कंपनीने सगळ्या हिंदुस्थानासाठी एकसारखी नाणी काढली ती १८३५ पासून, आणि त्यावर देव नव्हते. ही टोकनं "तांदूळ ओढतात" म्हणून विकणाऱ्या टोळ्या आहेत, राईस पुलर म्हणतात त्याला, आणि ती शुद्ध फसवणूक आहे. कोणी असलं नाणं "टेस्टिंग"साठी पैसे मागत असेल तर बोलणं तिथेच थांबवा.

पहिलं: ही मुळात चूक आहे का? (खर्च शून्य)

निम्म्याहून जास्त केसेस इथेच संपतात. कारण लोकांना जी चूक वाटते ते नाण्याचं नेहमीचं रूप असतं.

टांकसाळीची खूण नाही म्हणजे चूक नाही, कोलकात्याची टांकसाळ खूण घालतच नाही. सालाखाली बघा: मुंबईचा चौकट म्हणजे डायमंड, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका, कोरं असेल तर कोलकाता. १९८५ च्या रुपयावर एच दिसला तर तो इंग्लंडात बर्मिंगहॅमला पाडलेला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मेक्सिको, दक्षिण कोरिया, स्लोवाकिया, रशिया असल्या ठिकाणीही आपण नाणी पाडून घेतली, म्हणून अनोळखी खूण दिसली की लगेच उड्या मारू नका.

दहाचं नाणं तर डोकेदुखी आहे. दहा रेघांचं खरं की पंधरा रेघांचं, रुपयाचं चिन्ह असलेलं खरं की नसलेलं, ह्यावरून मासळी मार्केटात भांडणं झालेली बघितलीत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की तोपर्यंत निघालेली चौदा डिझाईनं सगळी चालतात. त्यातलं कुठलंच एरर नाही आणि कुठलंच नकली नाही.

आता खास गोव्याची गोष्ट. हिंदुस्थानी नाणं बारा वाजताच्या जागी वरून धरून उभ्या अक्षावर, म्हणजे पुस्तकाचं पान उलटतो तसं उलटवलं की मागची बाजू सरळ येते. पण लिस्बनला पाडलेली आपली पोर्तुगीज नाणी, १९५८-५९ चे एस्कुदो वगैरे, अशी उलटवली की मागची बाजू डोक्यावर उभी दिसते. ती नाणी तशीच आहेत, त्यांची पद्धतच ती. "१८० डिग्री रोटेशन एरर" म्हणून सहा एस्कुदोचं नाणं मला कितीजणांनी दाखवलंय, आणि तशी नाणी गोव्यात घराघरात पडलीत. उलट एखाद्या एस्कुदोची मागची बाजू सरळ आली तर तेव्हा मला दाखवा, तेव्हा मी खुर्ची सरकवून बसेन. भारतीय नाण्यावर फिरलेली बाजू असेल तर ती चांगली ९० किंवा १८० अंश फिरलेली हवी, थोडीशी तिरकी असेल तर तिला कोणी विचारत नाही.

तसंच १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया. राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोभाटा झाला, तो परत घेतला आणि पुढच्या वर्षी हत्ती दुरुस्त केला. म्हणून त्याला किंमत आहे, पण ती डिझाईनची भानगड, ठोक्यातली चूक नव्हे. आणि १९५२ ची पोर्तुगीज रुपिया चुंबकाला चिकटत नाही, पण चांदीसारखी पण वाटत नाही म्हणून तिला नकली समजू नका, त्या साली तिच्यात चांदी नव्हतीच, तांबं-निकेल होतं. १९४७ च्या रुपियात निम्मी चांदी होती.

दुसरं: उलटवा आणि कड बघा (खर्च शून्य)

माझ्या मते हीच सगळ्यात मोठी तपासणी आहे आणि लोकं हीच करत नाहीत. फोटो पाठवतात तो एकाच बाजूचा.

लखी घ्या. खरी लखी होते ती आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं आणि पुढची चकती त्याच्यावर ठोकली गेली की. म्हणजे एका बाजूला डायचं चित्र नेहमीसारखं वर आलेलं, आणि दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याचं तेच चित्र आत दबलेलं आणि आरशातल्यासारखं. त्या दुसऱ्या बाजूला दुसरं काहीही नसतं. नकली लखी करतात ती दोन नाणी एकमेकांवर ठेवून वाईसमध्ये, म्हणजे लोखंडी पकडीच्या यंत्रात, आवळून नाहीतर हातोडीने ठोकून. मग काय होतं, दबलेल्या उलट्या अक्षरांच्या खाली नाण्याचं स्वतःचं चित्र अर्धवट शिल्लक राहतं, आणि पाठीवर, जिथे वाईसचा जबडा लागला होता तिथे चित्राची उंच टोकं सपाट होऊन चकाकतात. सिंहांची नाकं, राजाचा गाल आणि दाढी तिथे बघायचं. पाठ सपाट झाली असेल तर विषय संपला.

सरकलेलं चित्र असेल तर कड फिरवून बघा. ठोका बसताना चकती कॉलरच्या बाहेर राहिली म्हणून तर चित्र सरकलं, तेव्हा कोऱ्या भागाच्या कडेवर कॉलरमुळे उमटणाऱ्या रेघा येणारच नाहीत, नाणं थोडं लांबट होणार, आणि दोन्ही बाजूंचं चित्र एकाच दिशेला सरकलेलं दिसणार. एका बाजूचं सरकलंय आणि दुसऱ्या बाजूचं जागच्या जागी, कडेला रेघा पण पूर्ण, असं असेल तर एकतर नुसती एक डाय जागेवरून सरकलेली असते, नाहीतर त्या कोऱ्या भागावर कोणीतरी कानस चालवलीय.

तुकडा गेलेलं नाणं मला आवडतं कारण त्याची एक फार सुंदर खूण आहे. पत्र्यातून चकत्या कापताना एक काप आधीच्या भोकावर पडला तर चंद्रकोर निघून जाते, हे ठोक्याच्या आधी होतं. मग किनार, म्हणजे नाण्याच्या तोंडावरची उंच कडा, उचलायच्या मशीनमध्ये ती चकती फिरताना त्या तुटक्या जागेच्या बरोबर समोरच्या बाजूला दाब कमी पडतो. म्हणून खऱ्या मिसकट नाण्यात तुकडा जिथे गेलाय त्याच्या थेट समोर, व्यासाच्या दुसऱ्या टोकाला, किनार पुसट असते. ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. शिवाय तुटक्या जागेजवळची अक्षरं त्या दिशेला जरा ओढल्यासारखी होतात. कातरीने कापणाऱ्याला हे माहीतच नसतं, त्याच्या नाण्याची किनार समोर ठणठणीत असते आणि कापापर्यंत अक्षरं तशीच कोरीव. प्रत्येक खऱ्या नाण्यावर ही पुसट किनार दिसेलच असं नाही, पण दिसली तर मोठा पुरावा.

दोन्हीकडे छापा असलेलं नाणं जवळजवळ नेहमीच जादूगाराचं असतं. दोन नाणी पोखरून एकात एक बसवलेली. नखाने किनारीच्या आतल्या अंगाला चाचपा, बारीक सांधा लागतो. टेबलावर टाकलं तर आवाजही मुका येतो.

आणि कोकण रेल्वेच्या रुळावर ठेवून चेपलेली नाणी कृपया पाठवू नका.

तिसरं: चुंबक (खर्च वीस-पंचवीस रुपये, फ्रिजवरचंही चालतं)

चांदी, तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, तांबं-निकेल, काहीच चिकटत नाही. व्हिक्टोरियाचा किंवा जॉर्जचा चांदीचा रुपया चिकटला तर आत लोखंड आहे, पुढे जाऊ नका. पण उलटं मात्र लावू नका. १९४७ चा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि निकेल चिकटतं, तसाच १९५० चा रुपयापण. तो चिकटला म्हणून नकली ठरवून टाकणारे आहेत. १९९२ नंतरचा स्टीलचा छोटा रुपया पण चिकटतोच. थोडक्यात, आधी त्या सालाला कुठला धातू होता ते बघायचं आणि मगच चुंबक लावायचं.

चौथं: काटा (पाचशे-सातशे रुपये)

सोनार वापरतात तसा शंभरावा भाग दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या, स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅमचा उपयोगाचा नाही. वजन का महत्त्वाचं, तर ठोका चुकला तरी चकती तीच असते. चित्र सरकलेलं, पसरलेलं, फिरलेलं, लखी, ह्या सगळ्यांचं वजन पूर्ण भरायला पाहिजे. कमी भरलं तर धातू कुठेतरी गेलाय, म्हणजे कानस नाहीतर ॲसिड. फक्त तुकडा गेलेल्या नाण्याचं वजन तुकड्याच्या हिशेबात कमी भरतं.

पाठ करायला काही आकडे. ब्रिटिशांचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, आपली १८८१ ची पोर्तुगालच्या लुईश राजाची रुपिया पण तेवढीच, कारण ब्रिटिश-पोर्तुगीजांच्या १८८० च्या करारानंतर ती ब्रिटिश टांकसाळीतच पडली. १९८३ ते ९१ चा रुपया ६ ग्रॅम, १९९२ नंतरचा स्टीलचा ४.८५, अकरा कोनांचं तांबं-निकेलचं दोनाचं नाणं ६, पाचाचं जुनं जाड नाणं ९, दहाचं ७.७१. वापरून झिजलेल्या चांदीच्या रुपयाचं दहा-पंधरा शतांश ग्रॅम कमी भरणं साहजिक आहे, पण कोरा करकरीत दिसणारा रुपया १०.९ भरला तर तो कधी खिशात गेलाच नाही, तो मोल्डमधून, म्हणजे ओतकामाच्या साच्यातून, थेट तुमच्याकडे आलाय.

पातळ नाणं, ज्याचं चित्र दोन्हीकडून सारखंच विरघळल्यासारखं आणि कडेवरच्या रेघाही बसलेल्या, हे ॲसिडचं काम. आणि वेगळ्या रंगाचं नाणं, म्हणजे तांबूस पाच रुपये, सोनेरी रुपया, त्याचं वजन बरोबर असेल तर बहुतेक मुलामा दिलेला असतो नाहीतर गॅसवर तापवलेलं असतं. स्टील तापलं की निळसर-सोनेरी होतं. होमकुंडाच्या राखेतून काढलेली नाणी पण अशीच दिसतात, त्यात लबाडी नाही, पण किंमतही नाही.

पाचवं: भिंग (दहा पटीचं, तीन-चारशे रुपये)

इथे घाई करायची नाही. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, नाणं तिरकं धरून हळूहळू फिरवायचं. सरळ वरून ट्यूबलाईटखाली बघितलं तर काही कळत नाही, खुणा दिसतात त्या तिरक्या उजेडातच.

गायब आकडा: डायच्या खाचेत ग्रीस आणि कचरा भरला की त्या खाचेत धातू चढत नाही आणि आकडा पुसट येतो किंवा येतच नाही. खऱ्यात त्या जागेचा पृष्ठभाग आजूबाजूसारखाच असतो, त्याच पातळीवर, कधी आकड्याची भुतासारखी सावली दिसते. खरडलेल्यात तिथे उथळ खड्डा असतो आणि एकाच दिशेला जाणाऱ्या बारीक रेघा, आणि रंग नवा. जुन्या तांब्याच्या नाण्यावर हे पटकन कळतं, सगळीकडे काळपट-तपकिरी थर आणि नेमक्या सालाच्या जागी गुलाबी. म्हणूनच पाया पडून सांगतो, तपासायच्या आधी नाणं चिंचेने, सोलांनी, बिंबल्यांनी घासू नका. घासलंत की थर गेला, थर गेला की पुरावा गेला, आणि वर नाण्याची किंमत पण गेली.

डबल अक्षरं: खरं डबल डायचं, म्हणजे डायवरच चित्र दोनदा उमटलेलं, नाणं असेल तर दोन्ही प्रतिमा पूर्ण उंचीच्या, गोलाई असलेल्या, आणि अक्षराच्या टोकांना खाच पडलेली, अक्षर एकंदर जाडसर. ठोका बसल्यावर डाय जरा हलली तर अक्षराची एक बाजू चपटी होऊन पायरी पडते आणि अक्षर उलट बारीक होतं. ही दुसरी भानगड आपल्या स्टीलच्या नाण्यांवर खोऱ्याने मिळते आणि तिला काही मोल नाही. विकणारे हीच "डबल डाय" म्हणून विकतात.

दहाच्या नाण्याचा मधला भाग: ठोक्याच्या दाबानेच आतली चकती बाहेरच्या कड्यात फिट होते, म्हणून खऱ्यात जोडावर धातू चेपून घट्ट बसलेला असतो. काढून उलटं बसवलेल्यात जोडाच्या रेघेवर ठेचल्याच्या, पकडीच्या दाताच्या खुणा, एखाद्या बाजूला बारीक फट, आणि हलवलं तर कधी खुळखुळतं.

चांदीचे रुपये: ओतीव नकलेवर चित्राच्या पायथ्याशी बारीक गोल खड्डे असतात, हवेचे बुडबुडे. आपल्या लाल मातीत पुरलेल्या नाण्यालाही खड्डे पडतात, पण ते वेडेवाकडे आणि त्यात रंग साचलेला. बुडबुड्याचा खड्डा गोल आणि त्याचा काठ गुळगुळीत. मग कड बघा: मोल्डच्या दोन भागांचा सांधा कडेवरून फिरतो, तो लपवायला कानस मारली असेल तर रेघांवर आडवे ओरखडे दिसतात.

बारा वाजताच्या जागी कडेला चिमूटभर रंग वेगळा, थोडा धातू फुगलेला, रेघा बुजलेल्या असतील तर तो डाक आहे. आपल्याकडे रुपयांच्या माळा केल्या जायच्या, नाण्याला कान जोडून. नंतर कान काढून टाकला आणि जागा घासली. असलं नाणं अस्सल असतं, पण दागिन्यातलं, आणि त्याला नाणं म्हणून चांगला भाव येत नाही. कुणी त्या जागेला "कॉलर एरर" म्हणालं तर हसून सोडून द्या.

आता सगळ्यात त्रासदायक केस, १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया. दुर्मिळ, म्हणून महाग, म्हणून १९३८ च्या रुपयातल्या शेवटच्या आठाचा नऊ करतात. ह्यात धातू अस्सल, वजन अस्सल, आवाज अस्सल, कड अस्सल, म्हणजे आधीच्या चारही तपासण्यांतून हे नाणं सही सलामत बाहेर येतं. फक्त भिंग पकडतं. आठाच्या खालच्या गोळ्याची डावी बाजू कापलेली असते, तिथे खालचा पृष्ठभाग खवलेला, आणि नवाची शेपटी बाकीच्या आकड्यांपेक्षा बारीक. एखाद्या लिलावाच्या कॅटलॉगमधला खात्रीचा फोटो बाजूला ठेवून आकड्याचं वळण ताडून बघा. तरी शंका राहिली तर विकत घेऊ नका.

सहावं: पाण्यातलं वजन

हे चांदीच्या नाण्यांसाठी. काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला आणि बाजूंना लागणार नाही असं हातात धरून सोडायचं. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागायचं. नाण्याला बुडबुडे चिकटले असतील तर आधी हलवून काढा, नाहीतर हिशेब फसतो.

जुन्या ९१.७ टक्के चांदीच्या रुपयाचं उत्तर १०.३ च्या आसपास येतं, म्हणजे ११.६६ च्या रुपयाला काटा साधारण १.१३ दाखवतो. तेवढ्याच वजनाच्या तांबं-निकेलच्या मुलामा दिलेल्या तुकड्याला १.३१ दाखवेल. फरक मोठा आहे, चुकायला जागा नाही. १९४० पासून ब्रिटिश रुपयातली चांदी निम्मीवर आणली, त्यामुळे त्यांचं उत्तर कमी येणारच, त्याला नकली म्हणू नका.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

धातूची खात्री कागदावर हवी असेल तर हॉलमार्किंग सेंटरमध्ये एक्सरे मशीन असतं, मडगाव-पणजीकडे चौकशी केली तर मिळेल. नाण्याला ओरखडा न काढता टक्केवारी सांगतात. सोनाराकडे कसोटीवर घासू देऊ नका, तो बिचारा त्याच्या पद्धतीने बरोबर करतो पण तुमच्या नाण्याच्या कडेला कायमची जखम होते. मशीन फक्त वरचा थर वाचतं एवढं मात्र लक्षात ठेवा, जाड मुलामा असेल तर तेही फसतं, म्हणून पाण्यातलं वजन आधी.

बझारूक असेल तर घरी निकाल लावायचा प्रयत्नच करू नका. गोव्यात पाडलेली ही जुनी तांब्याची, कथलाची छोटी नाणी मुळातच वेडीवाकडी, चित्र अर्धं बाहेर, आकार ओबडधोबड. हाताने ठोकलेल्या नाण्यात सरकलेलं चित्र ही चूक नाहीच. आणि कथील-जस्ताची काही मुळातच ओतलेली होती, त्यामुळे बुडबुडे आणि सांधा बघून नकली म्हणायचा माझा वरचा सगळा नियम तिथे आडवा होतो. पणजीत पोस्टाजवळची काझा द मोएदा, जिथे एकेकाळी टांकसाळ होती, तिच्यासमोरून रोज जाणाऱ्या माणसालाही खरं-खोटं बझारूक नुसतं बघून सांगता येणार नाही, मलाही नाही. गोव्याच्या जुन्या कदंब राजांच्या सिंहाच्या सोन्याच्या नाण्याचंही तेच. ही नाणी त्यातल्या अभ्यासकालाच दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मोठ्या लिलावघरांचे तज्ज्ञही बघून देतात. नाणं खरंच महागाचं निघणार असं वाटत असेल तर ग्रेडिंग कंपनीकडून, म्हणजे नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्यांकडून, सीलबंद करून घ्या, पण त्याची फी नाण्याच्या किंमतीपेक्षा जास्त होत नाही ना ते आधी बघा. दोन रुपयांच्या पुसट आकड्यासाठी हा खटाटोप करू नका.

जमिनीत सापडलं असेल तर तपासणी-बिपासणी बाजूला ठेवा. २०२३ मध्ये सत्तरी तालुक्यात नानोड्याकडे जमिनीतून मडकंभर तांब्याची नाणी निघाली, आठशेच्या वर, आणि ती सरकारकडे गेली, तेच योग्य. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा आहे, सापडलेला ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. धुवू नका, वाटून घेऊ नका, मडकंसुद्धा फेकू नका, कुठल्या थरात काय होतं ते पुरातत्व खात्याला नाण्यापेक्षा महत्त्वाचं असतं.

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू आहे, देशाबाहेर नेता येत नाही. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात एखादा टुरिस्ट रुपियाला चांगले पैसे देतो म्हणाला तरी नको, विमानतळावर तो अडकेल आणि तुमचं नाव सांगेल. असल्या पकडलेल्या वस्तू बघायच्या असतील तर पणजीत मांडवीकाठी कस्टमचं म्युझियम आहे, मुलांनाही आवडतं.

आणि फोनवर कोणी "तुमचं नाणं आम्ही घेतो, आधी रजिस्ट्रेशन फी, मग टॅक्स भरा" म्हणत रिझर्व्ह बँकेचा लोगो दाखवत असेल तर फोन ठेवा. ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतः पत्रक काढून सांगितलंय की अशा व्यवहारात तिचा काही संबंध नाही आणि ती कुणाकडून कमिशन घेत नाही. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईन नंबरला लगेच फोन करा, जितका उशीर तितकं हातातून जातं.

एवढं सगळं करूनही प्रश्न राहिला आणि मला विचारायचं असेल तर चार फोटो पाठवा: पुढची बाजू, मागची बाजू, कड, आणि काट्यावर ठेवलेलं नाणं आकडा दिसेल असं. फ्लॅश बंद, खिडकीजवळ, नाणं साध्या कागदावर. प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवलं असेल तर आधी बाहेर काढा, आपल्या दमट हवेत त्या पाकिटांनी नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो आणि मग लोकं त्यालाच एरर समजून परत मला फोटो पाठवतात.